तीन वर्षांपूर्वीची पानगळ

सिद्धेशने आईचा उजवा हात उचलून रेणूच्या खांद्यावर ठेवला, बोटं जराशी पसरवली आणि उलट्या पावलांनी कॅमेऱ्याकडे गेला. फोटो निघेपर्यंत द्वारकाबाईंनी हात तिथे राहू दिला. निघाला तसा काढून घेतला आणि पदराला पुसला.

“अजून एक,” सिद्धेश म्हणाला. “आई, थोडी हस ना.”

“घोड्यासारखे दात दाखवू का?”

 रेणूचं हसू मघाचंच होतं, ते तिने उतरवलंच नव्हतं. वारा असा सुटला होता की पदर धरावा तर शाल उडत होती. डोंगराच्या माथ्यावरची झाडं उघडी पडलेली, खाली पानांचा नुसता केर. तरी पार्किंगमध्ये आठ-दहा गाड्या उभ्या होत्या, आणि म्हातारी-म्हातारी गोरी माणसं तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरे लावून दरीकडे तोंड करून बसली होती. झाडाला अवकळा आली की डबे बांधून बघायला निघणारी माणसं द्वारकाबाईंनी याच देशात पाहिली. गावाकडे, कोरेगावात, पानं गळाली की बायका झाडू घेऊन बाहेर पडतात.

“झालं,” सिद्धेश म्हणाला आणि खिशातून कागद काढून त्यावर पेनाने खूण केली. “गेल्या वर्षीचा झाला.”

हा सगळा खटाटोप एका प्रश्नापायी होता.

सिद्धेश दोन वर्षांपूर्वी अमेरिकेचा नागरिक झाला. रेणू त्याची बायको, नागपूरची, त्याच्यासारखीच कॉम्प्युटरवाली. तिच्या ग्रीन कार्डासाठी दोघांना ऑगस्टमध्ये मुलाखतीला बोलावलं होतं. लग्न खरं आहे की कागदापुरतं, हे तिथे बघतात. समोरची बाई आपल्याकडचीच निघाली, तिचे आईवडील बडोद्याचे. तेव्हा सिद्धेशला बरं वाटलं होतं, हिला एकत्र कुटुंब समजावून सांगायला नको. बाईने अल्बम दोनदा चाळला आणि रेणूला विचारलं, तुम्ही चार वर्षं एका घरात राहता म्हणता, मग सासूबरोबर तुमचा एकही फोटो कसा नाही?

रेणूला उत्तर देता आलं नाही. उत्तर इतकंच होतं, की घरात कॅमेरा निघाला की द्वारकाबाई तो तिच्या हातात देत. तू काढ गं, तुझा हात स्थिर आहे. दिवाळी असो, सत्यनारायण असो, शिकागोजवळच्या शॉमबर्गहून थोरला मुलगा राजीव बायकोला घेऊन आलेला असो, रेणू कॅमेऱ्यामागे. फोटो गावी भावकीत जात, आणि भावकीला द्वारकाबाईंनी अजून सांगितलं नव्हतं की धाकट्याने घटस्फोटित बाई केली आहे आणि तिला पहिल्या नवऱ्याची एक मुलगी आहे. चार वर्षांच्या फोटोंत एका ठिकाणी गवतावर रेणूची सावली पडली होती, तेवढीच ती त्यांत होती.

मुलाखत अर्धवट सुटली. दुसरी तारीख येत्या गुरुवारची मिळाली. वकील म्हणाला होता, प्रत्येक वर्षाचे घरच्यांबरोबरचे फोटो असतील तेवढे शोधून आणा. नसतील तर नसतील, खरं सांगा. सिद्धेशने पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलं नाही.

त्याला डोंगर माहीत होते. मराठी मंडळाच्या कॅलेंडरवर ऑक्टोबरचं पान दरवर्षी त्याचं असायचं. लाल मेपल, पिवळा बर्च, खाली त्याचं नाव बारीक अक्षरांत. माथ्यावर पानगळ उरकलेली असते, मध्यावर ऐन भरात असते आणि पायथ्याशी झाडांनी अजून मनावरही घेतलेलं नसतं. पहाटे पाचला मॉरिसव्हिलचं घर सोडलं आणि एका दिवसात गाडी वरून खाली आणली, तर तीन निरनिराळे ऑक्टोबर मिळतात. त्याने तीन जागा ठरवल्या, प्रत्येक जागेला कोणी कुठला स्वेटर घालायचा ते लिहून काढलं, आणि माळ्यावरचा जुना कॅमेरा खाली काढला. ऑफिसात त्याचं काम दुसऱ्यांच्या प्रोग्रामांत चुका शोधायचं होतं. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, असं तो स्वतःच सांगायचा.

द्वारकाबाई आल्या, कारण त्यांना यावं लागलं. रेणूला कार्ड मिळालं नाही तर मीही तिच्याबरोबर नागपूरला जाईन, घर विकेन आणि तू दादाकडे शॉमबर्गला राहा, असं सिद्धेशने भाजी चिरता चिरता सांगितलं होतं. शॉमबर्गला द्वारकाबाई आयुष्यात एकदाच राहिल्या होत्या, एकोणीस दिवस. थोरल्या सुनेने, दीपाने, फ्रिजमध्ये त्यांना एक कप्पा दिला होता आणि त्यावर चिठ्ठी लावली होती. चिठ्ठीवर इंग्रजीत काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, पण तिथलं दूध नासलेलं असायचं एवढं कळत होतं.

गाडी उतरायला लागली. द्वारकाबाई पुढे बसल्या, त्या नेहमीच पुढे बसत. रेणू मागे स्वेटरांच्या गठ्ठ्याशेजारी. दोन वळणं झाली नाहीत तोच रेणूचा फोन वाजला. नागपूरला रात्रीचे साडेआठ झाले होते, आणि तिथे आजीजवळ राहणारी रुही झोपायच्या आधी आईला फोन करायची. रेणू खालच्या आवाजात बोलत होती. पण गाडीत खालचा आवाज आणि वरचा आवाज असं काही नसतं. पोरगी विचारत होती की पलंग आला का. रेणू म्हणाली, आला, शिडीवाला, जांभळा. कुठे लावणार? खालच्या खोलीत, खिडकीपाशी.

खालच्या खोलीतच द्वारकाबाईंचे यजमान मोरेश्वर वारले होते. त्यांचा पलंग अजून तिथेच होता, आणि त्यावर दुपारी द्वारकाबाई पाठ टेकत.

फोन संपला.  सिद्धेशने उगाच काच खाली-वर केली.

“शिडी कशाला?” द्वारकाबाईंनी समोर बघत विचारलं. “इतकी उंच झालीय का पोरगी?”

“वर झोपायचं, खाली अभ्यासाचं टेबल,” सिद्धेश म्हणाला. “आई, आपण बोलणारच होतो यावर. आधी कार्ड तर येऊ दे.”

“ह्यांचा पलंग कुठे टाकणार?”

“डोनेट करू. कोणाच्या तरी उपयोगाला येईल.”

द्वारकाबाईंनी मान डोलावली. भाजीवाल्याने भाव सांगितला की त्या अशीच मान डोलावत आणि पिशवी उचलून पुढच्या गाड्याकडे जात.

दुसरी जागा आली तेव्हा उन्हं वर आली होती. इथे मात्र डोंगराने काही शिल्लक ठेवलं नव्हतं. रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्यापासून दरीच्या तळापर्यंत लाल, शेंदरी, हळदी, मधूनच एखादं काळपट जांभळं झाड. माणसं गाड्या थांबवून नुसती उभी होती. सिद्धेशने स्टँड लावला, भिंगावर आणखी एक काच बसवली आणि ती फिरवत राहिला. ती फिरवली की पानांवरची चकाकी जाते आणि लाल आणखी लाल होतो. त्याचा चेहराच बदलला होता. कामापुरता का होईना, तो सुखी दिसत होता.

“हा मेन आहे,” तो म्हणाला. “तीन वर्षांपूर्वीचा. मुलाखतीतल्या बाईने स्पेसिफिकली विचारलं होतं, सुरुवातीच्या काळातला एखादा आहे का. आई, तू निळा स्वेटर. रेणू, तू ते पांढरं जॅकेट, जे तू हल्ली वापरत नाहीस. आणि बाबा कुठे असं विचारलं, तर फोटो बाबांनी काढला म्हणायचं.”

“कोणी?”

“बाबांनी.”

“तुझ्या बापाला टीव्हीचं बटण दाबता येत नव्हतं.”

“ते तिला कुठे माहितीय?”

द्वारकाबाईंनी निळा स्वेटर घातला. बटणं लावली, वरचं सोडून. कठड्यापाशी जाऊन सांगितलं तिथे उभ्या राहिल्या. तीन वर्षांपूर्वी. त्या वर्षी या दिवसांत मोरेश्वर खालच्या खोलीत बसून पायाला तेल लावून घेत होते आणि चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुर करत होते. ते गेले पुढच्या माघात. द्वारकाबाई मुलाकडे बघत राहिल्या. त्याच्या लक्षात येईल, अशी त्यांची खात्री होती. त्याने कागदावर मोजेसुद्धा लिहिले होते.

सिद्धेशने कॅमेऱ्यात डोळा घातला. “आई, हनुवटी जरा वर. परफेक्ट. आता रेणू, तू जा.”

रेणू आली, शेजारी उभी राहिली, शालीचं टोक नीट करायला वळली आणि तिचा हात तसाच राहिला. ती सासूच्या कपाळाकडे बघत होती. तिथे काही नव्हतं. मग ती गळ्याकडे बघू लागली. तिथेही काही नव्हतं.

ती गाडीपाशी गेली, पर्स आणली आणि त्यात हात घालून उभी राहिली.

“आई,” ती म्हणाली.

“बोल की. फोटोत तर केवढी बोलकी दिसतेस.”

“तेव्हा बाबा होते.”

“नव्हते असं कोण म्हणतं?”

“तुम्ही कुंकू लावत होता.”

“लावत होते. मग?”

रेणूने ओठ ओले केले. द्वारकाबाई तिला वाट देणार नव्हत्या. अर्धं बोलून पाठवायची आणि अर्धं समोरच्याने समजून घ्यायचं, असले लाड त्यांनी पोटच्या पोरांचेही केले नव्हते.

“तोंडाने म्हण,” त्या म्हणाल्या. “काय करायचं मी?”

“लावावं लागेल. ती बाई आपल्यातली आहे. तिला लगेच दिसेल.”

तिकडून सिद्धेश आला, ऊन सरकतंय म्हणत. रेणूने त्याला दोन वाक्यांत इंग्रजीत सांगितलं. तो थांबला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. द्वारकाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. हा नको म्हणेल, असं त्यांना वाटत होतं. राहू दे म्हणेल, हा एक फोटो सोडून देऊ. म्हणण्यापुरतं तरी म्हणेल, म्हणजे आपल्याला काय ते ठरवता येईल.

“फक्त दोन मिनिटांसाठी, आई,” सिद्धेश म्हणाला.

“दोन मिनिटं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “बरं आहे. तेवढ्यापुरता नवरा येईल आणि जाईल.”

त्या कठड्यावर बसल्या. पर्समधल्या टिकल्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या होत्या, आणि द्वारकाबाईंचं कुंकू बंद्या रुपयाएवढं असायचं. ते फोटो अल्बममध्ये होते, बडोद्याच्या बाईने दोनदा बघितले होते. रेणूने मरून लिपस्टिक काढली. एका हाताने सासूची हनुवटी धरली आणि कपाळाच्या मधोमध टेकवून हळूहळू गोल करत नेली. तिचा हात खरंच स्थिर होता.

इतक्या जवळ त्या दोघी एकदाच आल्या होत्या. फ्युनरल होमच्या बाथरूममध्ये, माघातल्या त्या दिवशी. दीपाचं विमान शिकागोत बर्फामुळे अडकलं होतं, मंडळातल्या बायका बाहेरच्या हॉलमध्ये होत्या, आणि आत जायला कोणी पुढे होईना. त्यांच्यात सगळ्यांचे नवरे जिवंत होते. मग रेणू आत गेली. कुंकू मेणावरचं, नुसत्या पाण्याने निघेना. तिने भिंतीवरच्या डब्यातला साबण घेतला, कागदी रुमाल ओला केला, तीनदा घासलं. चौथ्यांदा कपाळ कोरं झालं. तेव्हा ती रडत होती, आणि द्वारकाबाईंना ते सर्वांत जास्त लागलं होतं. हिने का रडावं?

“पुसलंसही तूच,” द्वारकाबाई डोळे मिटून म्हणाल्या, “आणि लावतेसही तूच. मोठ्या भाग्याची आहेस.”

रेणूचा हात क्षणभर थांबला, मग गोल पुरा झाला.

“झालं,” ती म्हणाली.

“काय झालं? कुंकू लावून मोकळ्या गळ्याने उभी करणार का मला? तुमची ती बाई आंधळी नाही ना?”

द्वारकाबाईंचं स्वतःचं मंगळसूत्र शॉमबर्गला गेलं होतं. दीपाने ते मोडून नातीच्या बारशाला बिंदल्या केल्या होत्या. इथे डोंगरात मंगळसूत्र एकच होतं. रेणूने सिद्धेशकडे पाहिलं. सिद्धेश दरीकडे बघत होता; ऊन एका पिवळ्या झाडावरून सरकून लालवर यायला लागलं होतं.

रेणूचे हात मानेमागे गेले. फासा केसांत अडकला, तो सोडवताना दोन केस तुटले. लांब, दोन वाट्यांचं, साधंच होतं. कोर्टातल्या लग्नानंतर सिद्धेशने आयसेलिनच्या देशी सराफ बाजारात जाऊन आणलेलं. तिने ते सासूच्या गळ्यात घातलं, पदर सारखा केला, वाट्या बाहेर दिसतील अशा ठेवल्या आणि स्वतःच्या जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

फोटो चांगला आला. सिद्धेशने सहा काढले, पण पहिलाच चांगला होता. द्वारकाबाईंना हस म्हणून सांगावं लागलं नाही. मागे सगळा डोंगर पेटलेला, पुढे त्या, भरल्या कपाळाच्या, शेजारी सून. कोणीही म्हटलं असतं, घर सुखाचं आहे.

“सुपर्ब,” सिद्धेश कॅमेऱ्याच्या पाठीवर बघत म्हणाला. “आई, तू काय दिसतेयस.”

“ह्यांनी काढला ना,” द्वारकाबाई म्हणाल्या.

तिसरी जागा अर्ध्या तासावर होती. वाटेत द्वारकाबाईंनी समोरची झडप खाली ओढली आणि तिच्या आतल्या आरशात बघितलं. पावणेतीन वर्षं त्या आरशात बघत होत्या ते भांग सरळ आहे की नाही एवढ्यासाठी. आता बराच वेळ बघत राहिल्या. एकदा वाट्या उलट्या पडल्या होत्या त्या सुलट्या केल्या. मागे रेणू पुढच्या फोटोचा राखाडी स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिचा हात पुन्हा पुन्हा जॅकेटची चेन थोडी खाली ओढून गळ्याशी जात होता, तिथून परत येत होता.

इथे झाडं बहुतेक हिरवीच होती. कडेकडेची पानं पिवळी, तीही नीट बघितली तर. खाली ओढा वाहत होता, एक लाकडी बाक होता. सिद्धेश कागद बघून म्हणाला की हा दोन वर्षांपूर्वीचा, हा शेवटचा, मग वाटेत कुठेतरी जेवू. त्याने गाडीच्या खणातून ओल्या रुमालांचं पाकीट काढून रेणूला दिलं. रेणूने एक रुमाल ओढून काढला आणि तो हातात धरून सासूच्या दाराशी येऊन उभी राहिली.

द्वारकाबाई उतरल्या. रुमालाकडे बघितलं आणि तिला ओलांडून बाकाकडे चालू लागल्या.

“आई, ते पुसायचंय आता,” सिद्धेश म्हणाला.

“का?”

“म्हणजे, हा दोन वर्षांपूर्वीचा आहे ना.”

“मग?”

सिद्धेशने रेणूकडे पाहिलं. हे ती म्हणेल अशी त्याची अपेक्षा असावी. ती ओढ्याकडे बघत होती.

“दोन वर्षांपूर्वी बाबा नव्हते,” तो म्हणाला.

“आठवलं तुला.”

“आई, प्लीज. माझ्या डोक्यातून गेलं, सॉरी. खूप गोष्टी होत्या लक्षात ठेवायच्या. हा एक काढू आणि जाऊ.”

द्वारकाबाई बाकावर बसल्या, शाल मांडीवर घेतली. त्यांचा आवाज चढला नाही. भांडण त्यांना येत होतं, पण ते त्या बरोबरीच्या माणसाशी करत.

“एकदा मेला माझा नवरा,” त्या म्हणाल्या. “तेव्हा देवाने मारला, मी काही बोलले नाही. आज तुम्ही त्याला उठवलात, फोटो काढायला लावलात. आता ऊन उतरायच्या आत परत मारायचा म्हणता. मी नाही मारणार.”

“कोण मारतंय? दोन मिनिटांचं...”

“हो, दोन मिनिटांचं. माझी दोन मिनिटं अजून संपली नाहीत.”

सिद्धेश आईसमोर उकिडवा बसला. खूप बोलला. गुरुवारपर्यंत वेळ नाही, पुढच्या शनिवारी पानंच उरणार नाहीत. एका फोटोत गळा मोकळा आणि एकात भरलेला, आणि मधलं वर्ष नाही, तर बाई विचारणारच. हा फोटो झाला नाही तर आधीचे दोन्ही कुचकामी. घर जाईल. शेवटी शॉमबर्गचंही नाव घेतलं. द्वारकाबाईंनी सगळं ऐकलं, मध्येच त्याच्या शर्टावरचं एक वाळकं पान काढून टाकलं.

“आई,” रेणू म्हणाली. ती मघापासून तिथेच उभी होती आणि तिच्या हातातला रुमाल वाऱ्याने सुकत चालला होता. “रुही आठ वर्षांची झाली. मी आले तेव्हा चार वर्षांची होती.”

द्वारकाबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. काही वेळ असा गेला की सिद्धेश उठून उभा राहिला. त्याला वाटलं, झालं, वितळली. रेणूलाही वाटलं असावं. ती एक पाऊल पुढे आली.

“पोरगी तुझी आहे,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तिच्यासाठी तू काहीही करशील. मीही केलं असतं. पण कपाळ माझं आहे, आणि ते मी पुन्हा तुझ्या हातात देणार नाही.”

रेणूने रुमालाची घडी केली. घडीवर घडी करत तो बोटाएवढा झाला.

“मग निदान माझं मला द्या,” ती म्हणाली.

द्वारकाबाईंनी वाट्यांवर तळहात ठेवला.

“तुझा नवरा हा काय समोर उभा आहे, धडधाकट,” त्या म्हणाल्या. “तुला कशाला हवाय पुरावा?”

 सिद्धेश स्टँड मिटायला लागला. एक पाय मिटेना, तो खटपट करत राहिला, उगाचच, कारण खिटी सोडायची असते हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. रेणूने रुमाल कचऱ्याच्या पेटीत टाकला. पेटी अस्वलांनी उघडू नये म्हणून कडीकुलपाची होती, तिला दोनदा हिसका द्यावा लागला.

तेवढ्यात एक म्हातारं जोडपं ओढ्याकडून वर आलं. दोघांच्या गळ्यात कॅमेरे. बाईने या तिघांकडे बघितलं, मिटत चाललेला स्टँड बघितला, आणि हसून इंग्रजीत विचारलं की तुम्हा तिघांचा एकत्र काढून देऊ का, असा काढणारा माणूस नेहमी फोटोबाहेरच राहतो. सिद्धेश नको, थँक्यू म्हणाला. पण तिने हाताने केलेली खूण द्वारकाबाईंना कळली होती.

“काढू दे की,” त्या म्हणाल्या. “एवढ्या लांब आलोय.”

त्या उठल्या, शाल झटकली, स्वेटरचं वरचं बटणही लावलं, त्यावर मंगळसूत्र दिसेल असं बाहेर घेतलं. सिद्धेशला डाव्या बाजूला उभं केलं. मग वळून बघितलं.

“ये गं,” त्या रेणूला म्हणाल्या. “अशी लांब काय उभी? फोटो काढतायत आपला.”

चार वर्षांत त्यांनी तिला असं बोलावलं नव्हतं. रेणू आली. चालताना तिने चेन पुन्हा वर ओढली, पण ती अर्ध्यात अडकली आणि तिने सोडून दिली. गळ्याची हाडं दिसत होती.

म्हाताऱ्या बाईने सिद्धेशच्या हातून कॅमेरा घेतला, डोळ्याला लावला, परत खाली केला आणि द्वारकाबाईंकडे बोट करून काहीतरी बोलली.

“काय म्हणते?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“तुझ्या गळ्यातलं सुंदर आहे म्हणते,” सिद्धेश म्हणाला.

“सांग तिला. सुनेने दिलं म्हणावं.”

सिद्धेशने सांगितलं. बाईने छातीवर हात ठेवला, रेणूकडे बघून कौतुकाने मान हलवली, आणि तिला जरा आत सरकायची खूण केली. ती फोटोत अर्धीच येत होती.